जर्मेनियम डिटेक्टर, दहा महिन्यांनंतर: वस्तू झकास, पण तो नायट्रोजन!

दिवाळीच्या सुट्टीत आमचा डिटेक्टर (गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा, द्रव नायट्रोजनने सतत थंड ठेवावा लागणारा) कोरडा पडला, म्हणून हे लिहायला बसलोय.

रेझोल्यूशन, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवण्याची ताकद, वगैरे तुम्हाला माहीत आहेच. कोबाल्ट-६० च्या १३३२ केईव्हीच्या (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) रेघेची रुंदी आमच्याकडे १.९ केईव्ही मिळते; जितकी कमी तितकी बरी. मला तो हवा होता आयसोमरसाठी, म्हणजे वरच्या ऊर्जापातळीवर बराच वेळ अडकून बसणाऱ्या अणुकेंद्रांसाठी. इंडियमची चकती न्यूट्रॉन सोडणाऱ्या अमेरिशियम-बेरिलियमच्या स्रोताला चिकटवून रात्रभर न्यूट्रॉन मंदावणाऱ्या पॅराफिनमध्ये ठेवायची आणि सकाळी मोजायची. मंद न्यूट्रॉन गिळून इंडियम-११६ चा ५४ मिनिटांचा आयसोमर बनतो. तो ४१७, १०९७, १२९४ केईव्हीला नुसता धुमाकूळ घालतो. वेगवान न्यूट्रॉनच्या धक्क्याने मात्र इंडियम-११५ स्वतःच वरच्या पातळीवर जाऊन बसतं. वरची स्पिन (केंद्राची फिरकी) १/२, खालची ९/२. चार एककांची उडी मारायला ते धजत नाही, म्हणून अर्धायुष्य साडेचार तास. उतरताना ३३६ ला बारीकशी रेघ. जुन्या सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर ती कॉम्प्टनच्या (विखुरलेल्या गॅमा किरणांच्या) ढिगाखाली गाडली जायची. इथे पहिल्याच सकाळी दिसली, सुईसारखी उभी. सहा तास थांबलं की ११६ चा जेमतेम टक्का उरतो, ११५ अजून चाळीस टक्के. त्या दिवशी दर अर्ध्या तासाला मोजत बसलो आणि शेवटची एसटी चुकली.

आता नायट्रोजन. ड्युअर, म्हणजे नायट्रोजनचा मोठा थर्मास, तीस लिटरचा, आठवड्याला पंधरा लिटर पितो. आमच्याकडे तो मिळतो जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रांना पुरवणाऱ्या गाडीवाल्याकडून. मंगळवारी गाडी आली नाही की तालुक्यातल्या म्हशी आणि आम्ही, दोघेही खोळंबलो. ड्युअरच्या गळ्यात कोल्ड फिंगर (नायट्रोजनमध्ये बुडून डिटेक्टर थंड ठेवणारी धातूची दांडी), त्यामुळे काठी बुडवून पातळी बघायची सोय नाही. शेवटी अख्खा ड्युअर भंगारातून आणलेल्या वजनकाट्यावर चढवला. लिटरला साधारण ८०० ग्रॅम. काटा बारा किलो उतरला की फोन लावायचा. एवढ्या महागड्या वस्तूला पातळी दाखवणारा साधा दिवा देता येत नाही?

भाऊबीजेनंतर आलो तर काटा रिकाम्या ड्युअरच्या आकड्यावर. डिटेक्टर गरम होताच त्याचं हाय व्होल्टेज आपोआप बंद झालं होतं, तेवढी अब्रू वाचली. सर्व्हिसवाला फोनवरच म्हणाला, “सर, व्हॅक्यूम गेला असणार, परदेशी पाठवावं लागेल.” न बघता! मी इथे दोनच तारे देणार होतो.

पण अर्धवट गरम झालेला डिटेक्टर घाईने भरायचा नाही, हे माहीत होतं. तीन दिवस खोलीच्या तापमानाला येऊ दिला, मग भरला, रात्रभर थंड केला, व्होल्टेज जीव मुठीत धरून हळूहळू चढवलं. कोबाल्ट ठेवला. १.९!

तेव्हा चार तारे. पाचवा सर्व्हिसवाल्याने खाल्ला.

खरेदीच्या वेळी विजेवरचा कूलर सुचवला होता, तेव्हा किंमत ऐकून हसलो होतो. परवा गुपचूप पुन्हा कोटेशन मागवलं. त्यात नऊ वर्षांचा नायट्रोजन येतो, वर लोडशेडिंग आहेच. राहू दे. गाडीवाल्याच्या मेहुण्याचाही नंबर घेऊन ठेवलाय.