एसडीएल ३ वर पोर्टिंग: सात-आठ महिने वापरल्यानंतर

माझं एक ड्रॉइंग अ‍ॅप आहे, आधी एसडीएल २ (विंडो, माउस, ग्राफिक्स सांभाळणारी प्रोग्रामिंग लायब्ररी) आणि ओपनजीएलवर (ग्राफिक्स काढायची जुनी पद्धत) होतं, ते विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर एकाच कोडमधून चालावं म्हणून एसडीएल ३ वर आणलं. सात-आठ महिने जवळपास रोज वापरतोय. मनापासून आवडलंय, आणि ते त्यातल्या नवीन जीपीयू एपीआयमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डकडून काम करून घ्यायच्या फंक्शन्समुळे.

अ‍ॅपलने २०१८ मध्येच, मॅकओएस मोजावेपासून, ओपनजीएल डेप्रिकेट केलं (पुढे वापरू नका असं सांगितलं) आणि मॅकवर ते ४.१ आवृत्तीला अडकलं, कॉम्प्युट शेडर (शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम, हे त्यातले गणितं करणारे) येतात ४.३ पासून, म्हणजे मॅकसाठी रेंडरिंगचा वेगळा कोड ठेवा नाहीतर ते फीचरच सोडून द्या अशी अवस्था. आता माझा कोड एकच, खालचा बॅकएंड (प्रत्यक्ष ग्राफिक्स यंत्रणा) तेवढा बदलतो, मॅकवर मेटल चालतं, लिनक्स-अँड्रॉइडवर व्हल्कन, विंडोजवर व्हल्कन किंवा डायरेक्ट थ्रीडी १२. व्हल्कनचा वाय अक्ष उलटा असतो तेही लायब्ररीच सांभाळते.

शेडर मात्र तुम्हालाच द्यावे लागतात, प्रत्येक बॅकएंडला त्याच्या फॉरमॅटमध्ये: व्हल्कनला स्पर-व्ही, डायरेक्ट थ्रीडीला डीएक्सआयएल, मेटलला एमएसएल. मी एचएलएसएल या शेडरच्या भाषेत एकदाच लिहितो आणि शेडरक्रॉस टूलने बाकीचे काढतो. इथे बाइंडिंगचे, म्हणजे शेडरला लागणारा डेटा कुठल्या क्रमांकाच्या सेटमध्ये जोडायचा त्याचे, नियम फार कडक आहेत. व्हर्टेक्स शेडरचे (आकारांचे बिंदू बसवणारा) टेक्श्चर, म्हणजे चित्रं, सेट ० मध्ये, युनिफॉर्म, म्हणजे कोडमधून पाठवलेले आकडे, सेट १ मध्ये, फ्रॅगमेंट शेडरचे (पिक्सेलचा रंग ठरवणारा) टेक्श्चर २ मध्ये आणि युनिफॉर्म ३ मध्ये. सेट चुकला की स्क्रीनवर काहीच नाही, म्हणून डिव्हाइस बनवताना डीबग मोड चालू ठेवाच.

रेटिना स्क्रीनवर १२८० बाय ७२० ची विंडो हाय डेन्सिटी फ्लॅगने उघडली की आत पिक्सेल २५६० बाय १४४० असतात, आणि माउस येतो विंडोच्या मापात. पिक्सेल डेन्सिटीने गुणलं नाही तर ब्रश एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. विंडोजवर हे माप वेगळं चालतं, तिथे विंडोचा साइज आधीच पिक्सेलमध्ये असतो, म्हणून आकडा कोडमध्ये लिहून ठेवू नका, दरवेळी लायब्ररीलाच विचारा.

मेनू मराठीत हवा असेल तर एसडीएल टीटीएफ (अक्षरं दाखवणारी जोड-लायब्ररी) हार्फबझसकट (अक्षरांची नीट जुळणी करणारी लायब्ररी) बिल्ड करा, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती. त्याशिवाय ‘किती’ मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात, आपली भाषा अशी मोडकी दाखवायला नको वाटतं.

अँड्रॉइडवर अ‍ॅप बॅकग्राउंडला जातानाचा इव्हेंट (सिस्टीमची सूचना) इव्हेंट वॉचमध्येच, म्हणजे सूचना येताच चालणाऱ्या फंक्शनमध्येच, पकडा, लूपमध्ये वाट बघत बसलात तर तोवर सिस्टीमने अ‍ॅप थांबवलेलं असू शकतं आणि चित्र सेव्ह व्हायचं राहतं. लिनक्सच्या वेलँडवर (स्क्रीनवर विंडो मांडणारी यंत्रणा) विंडोची जागा आपण ठरवू शकत नाही, त्यावर अवलंबून असलेला कोड सरळ काढून टाका.

रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणं) किंवा बाइंडलेस (टेक्श्चर एकेक न जोडता वापरणं) हवं असेल त्यांनी थेट व्हल्कनच घ्यावं. ब्राउझरमध्ये चालवायचं असेल तरी थांबा, एसडीएल ३.२ मध्ये जीपीयू एपीआयला वेबचा बॅकएंड नाहीये. बाकी टूडी अ‍ॅप किंवा मध्यम आकाराचा गेम चार ठिकाणी न्यायचा असेल तर बिनधास्त घ्या, झेडलिब लायसन्स असल्यामुळे विकायलाही काही अडचण नाही.