परवापर्यंत चालत होतं: सोबत आलेली लायब्ररी विरुद्ध सिस्टिमची लायब्ररी, सात महिन्यांचा अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मामांचं शीट-मेटलचं वर्कशॉप आहे. तिथले तीन कॉम्प्युटर मी सांभाळतो. सात महिन्यांपूर्वी तिन्ही उबुंटू (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) २०.०४ वरून २२.०४ वर नेले. दुसऱ्या दिवशी मी डांडिया बाजारातल्या घरून निघतोय तोच मामांचा फोन: "अरे, ड्रॉइंगच्या जागी नुसतं काळं दिसतंय. परवापर्यंत चालत होतं ना!"

टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) कॅडचा, म्हणजे ड्रॉइंगचा प्रोग्राम चालवला तेव्हा दुखणं दिसलं: जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३० (सी++ च्या लायब्ररीची, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलची, आवृत्ती) सापडत नाही, आयरिस (इंटेलचा ग्राफिक्स) ड्रायव्हर लोड होत नाही. गंमत म्हणजे ही आवृत्ती सिस्टिममध्ये होती! पण कॅडच्या पॅकेजने सी++ ची स्वतःची जुनी लायब्ररी सोबत आणली होती आणि तीच आधी लोड होत होती. नाव दोघींचं एकच, त्यामुळे एका प्रोग्रामला एकच मिळते. इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र सिस्टिमचा. नव्या उबुंटूबरोबर तोही नवा झाला आणि त्याला नवी लायब्ररी हवी. जुनीवर त्याचं भागेना.

पहिला उपाय मी चुकीचा केला. सिस्टिमच्या लायब्ररीचा पाथ बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) कायमचा लिहून टाकला. तो त्या एका प्रोग्रामपुरता राहत नाही. टर्मिनलमधून उघडलेलं बाकीचंही सगळं तिकडेच बघायला लागलं. हे कृपया करू नका.

मग सोबतच्या जुन्या फाइलचं नाव बदललं आणि काम झालं. सी++ ची नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रामला चालते, उलटं चालत नाही, हे इथे कामी येतं. पण प्रोग्रामच्या प्रत्येक अपडेटला ती फाइल परत हजर! शेवटी दोन ओळींची स्क्रिप्ट केली: एलडी प्रीलोडमध्ये (कुठली लायब्ररी सगळ्यात आधी लोड करायची ते सांगणारं सेटिंग) सिस्टिमच्या लायब्ररीचा पूर्ण पाथ आणि मग प्रोग्राम. डेस्कटॉपच्या आयकॉनला तीच जोडली. पाच महिने झाले, त्या मशीनवरून मामांचा फोन नाही. शंका आली तर एलडी डीबग या सेटिंगला 'लिब्स' देऊन प्रोग्राम चालवा. कुठली फाइल कुठून उचलली ते ओळीओळीने दिसतं. मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला.

दुसऱ्या मशीनवर फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या लायब्ररींसकट बसवायची पद्धत) फ्रीकॅड हा कॅड प्रोग्राम घातला. तिथे हा तंटाच नाही, कारण मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा भागही फ्लॅटपॅकच्या रनटाइममधूनच (सोबतच्या लायब्ररींच्या संचातूनच) येतो, जोडी जुळलेली असते. पहिलं डाउनलोड भारी आहे, वर्कशॉपच्या नेटवर दुपार गेली. तिसऱ्या मशीनला एनव्हिडियाचं कार्ड आहे. तिथे सिस्टिमचा ड्रायव्हर बदलला की फ्लॅटपॅकही अपडेट करावं लागतं, कारण दोन्हीकडची आवृत्ती तंतोतंत एक लागते. एकदा विसरलो, तर मॉडेल फिरवताना अक्षरशः रखडत होतं.

कॅड कंपनीला मेल पाठवला आहे: ही एक फाइल पॅकेजमध्ये ठेवायचीच असेल, तर सिस्टिमची नवी आहे का ते सुरुवातीला तपासा आणि असेल तर तीच घ्या. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात लॉग जोडून पुन्हा पाठवणार आहे.