जोखीम विश्लेषण शिकवताना: पाच दिवसांचा वर्ग की धरणावरची कार्यशाळा?

जलसंपदा खात्यातल्या शाखा अभियंत्यांना आणि उपविभागीय अभियंत्यांना जोखीम विश्लेषण (धरण कसे फुटू शकते आणि त्याची शक्यता किती, याचा अभ्यास) शिकवायचे ठरले की दोन वाटा समोर येतात. एक, चाळीस जणांचा पाच दिवसांचा वर्ग. दोन, आठ-दहा जणांची तीन दिवसांची कार्यशाळा, एकाच खऱ्या धरणावर. 2021च्या धरण सुरक्षा कायद्याने जोखमीचा अभ्यास धरणमालकावर बंधनकारक केला आहे, म्हणून हा निर्णय आता टाळता येत नाही. एकच काहीतरी जमणार असेल तर कार्यशाळा घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वर्गात गणित पक्के होते. शंभर वर्षांतून एकदा येणारा, म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यतेचा पूर 30 वर्षांच्या नोकरीत निदान एकदा येण्याची शक्यता किती? 0.99चा 30वा घात 1 मधून वजा करा: 26 टक्के. प्रत्येकाने हे स्वतः कॅल्क्युलेटरवर केले की ‘आला तो पूर, आता शंभर वर्षे निवांत’ हा समज तिथेच गळून पडतो.

पण वर्ग बहुधा पुराच्या आकड्यांपाशीच रेंगाळतो. 12 जुलै 1961 रोजी फुटलेले पानशेत नुसत्या पूर-वारंवारितेने समजत नाही. तिथे विमोचकाच्या (धरणातून पाणी बाहेर सोडणाऱ्या) नळीला इजा झाली, वरचा भराव खचला आणि पाणी माथ्यावरून गेले. अशी साखळी शोधायला शिकवते ती कार्यशाळा.

पहिला दिवस नकाशे, जुने तपासणी अहवाल आणि पिझोमीटरच्या (भरावातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींचा. दुपारी धरणावर फेरी. कालवा चौकीदाराला सोबत घ्याच. पाझराचे पाणी गढूळ कधी आले होते हे बरेचदा त्यालाच ठाऊक असते. व्ही-नॉचपाशी, म्हणजे पाझर मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेपाशी, थांबून मोजायला लावा: 90 अंशांच्या खाचेवर 10 सेंटीमीटर पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे 4.4 लिटर. जुन्या नोंदीशी तुलना जलाशयाची पातळी सारखी असतानाचीच करायची, आणि पावसाचे पाणी चरात मिसळलेले दिवस वगळायचे. नाहीतर नसलेला पाझर सापडतो.

दुसऱ्या दिवशी साखळ्या लिहायच्या. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: कागदावर नुसते ‘पायपिंग’ (पाझरासोबत माती वाहून आत पोकळी पडणे) लिहिले जाते. ते पुरत नाही. जलाशय पूर्ण भरलेला, नळीच्या बाहेरून पाझर वाढला, गाळणथर नसल्याने माती अडली नाही, पोकळी जलाशयाकडे सरकत गेली, गस्तीत कोणाच्या लक्षात आले नाही, भराव खचला. इतके लिहिले की कुठल्या टप्प्यावर ती तोडता येईल ते दिसते.

तिसऱ्या दिवशी आकडे. प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर आपला अंदाज लिहावा, मगच चर्चा. कार्यकारी अभियंता आधी बोलले की उरलेल्यांचे आकडे त्यांच्या आकड्याभोवती गोळा होतात.

उदाहरण घ्या. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर येण्याची शक्यता वर्षाला 0.01, सांडव्याचा दरवाजा न उघडणे 0.1, त्यातून धरण फुटणे 0.3. गुणाकार 0.0003, म्हणजे 3,333 मध्ये एक. पण ज्या वादळात पूर येतो त्याच वादळात वीज जाते, आणि जनरेटरमध्ये डिझेल नसेल तर दरवाजाचा आकडा 0.1 राहत नाही. तो 0.4 धरला की उत्तर 0.0012 होते, जोखीम चौपट. दोन घटना एकमेकींपासून अलग नाहीत, हे पाच दिवसांच्या वर्गातही सांगतात. इथे मात्र ते समोरच्या जनरेटरशी जोडले जाते आणि विसरत नाही.

कार्यशाळेला उणीव आहेच. साखळ्या घडवून घेणारा जाणता माणूस लागतो. तो नसेल तर तीन दिवस जुन्या तक्रारी ऐकण्यात जातात. शिवाय जलविज्ञान आणि संकल्पचित्र शाखेतल्या लोकांना पुढे पूर्ण घटनावृक्ष (साखळीच्या प्रत्येक टप्प्याची शक्यता फांद्यांसारखी मांडणारी आकृती) मांडायचा असतो. त्यांच्यासाठी वर्गच हवा. फक्त तो कार्यशाळेनंतर ठेवा, आणि तिथे लिहिलेल्या साखळ्याच उदाहरणे म्हणून सोडवायला द्या. दरवाजे, पाझर आणि गस्त ज्यांच्या हाती आहे त्यांची कार्यशाळा मात्र पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीआधी, एप्रिलपर्यंत उरकलेली असावी. सापडलेले दोष दुरुस्त करायला मग मे महिना हाती राहतो.