ध्रुवीय पाण्यातील जीवाणू ओळखण्यासाठी ‘सिल्वा’ कितपत भरवशाची?

ध्रुवीय समुद्रातील किंवा तळ्यांतील जीवाणूंची विविधता अभ्यासताना साधारणपणे पाणी गाळून त्यातील डीएनए काढला जातो, १६एस रायबोसोमल आरएनएच्या जनुकाचा (सर्व जीवाणूंत असणाऱ्या, म्हणून ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा) एखादा भाग वाचला जातो आणि मिळालेले अनुक्रम (डीएनएच्या अक्षरांचे क्रम) एखाद्या संदर्भसंग्रहाशी ताडून पाहिले जातात. या शेवटच्या टप्प्यासाठी मी जर्मनीतून चालवली जाणारी ‘सिल्वा’ ही सेवा वापरते. २००७ मध्ये शास्त्रीय जगासमोर आलेला हा संग्रह विनामूल्य असून १३८ व्या आवृत्तीपासून व्यावसायिक वापरासाठीही खुला आहे. गोव्यातील वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात किंवा पुण्यातील प्रयोगशाळांत हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

माझ्या मते ‘सिल्वा’चे सर्वांत उपयुक्त अंग म्हणजे तिच्यासोबत मिळणारे ‘टेस्टप्राइम’ हे साधन. निवडलेली प्रायमरांची (जनुकाचा हवा तो भाग पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) जोडी संग्रहातील कोणत्या गटांना पकडते आणि कोणते गट त्यातून निसटतात, हे नमुने वाचनासाठी पाठवण्यापूर्वीच त्यावर तपासता येते. ५१५एफ–८०६आर या लोकप्रिय जोडीच्या मूळ रूपात सार-११ हा समुद्रातील जीवाणूंचा अतिशय विपुल गट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असे आणि म्हणून २०१५–१६ च्या सुमारास या प्रायमरांत दुरुस्ती करावी लागली. दक्षिण महासागराच्या पाण्यातही हा गट मुबलक असल्यामुळे जुन्या जोडीने काढलेली टक्केवारी जपूनच वाचली पाहिजे.

दुसरा गुण हरितलवकांचा. वसंतात डायटम शैवालांचा बहर आला की त्यांच्या हरितलवकांतील (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीभागांतील) १६एस जनुकेही नमुन्यात येतात. ‘सिल्वा’ त्यांना सायनोबॅक्टेरियांच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंच्या) संघाखाली, पण ‘क्लोरोप्लास्ट’ या वेगळ्या नावाने दाखवते. ही नोंद वगळायची राहिली, तर जिथे सायनोबॅक्टेरिया मुळात विरळ असतात त्या ध्रुवीय समुद्रात ते भरपूर आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

वर्गीकरणातील बदल मात्र त्रासदायक ठरतात. १३८ वी आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आली आणि तिच्यात बीटाप्रोटिओबॅक्टेरिया हा वर्ग गॅमाप्रोटिओबॅक्टेरियांत सामावून घेतलेला आहे. हिमनद्यांच्या वितळपाण्यात नेहमी आढळणारी पोलॅरोमोनास ही प्रजाती (जीनस) जुन्या शोधनिबंधांत बीटा वर्गात असे, आता ती गॅमात दिसते. वर्गांच्या टक्केवारीवरून जुन्या-नव्या अभ्यासांची तुलना करणाऱ्याला बीटा वर्ग नाहीसाच झाला असे वाटेल, म्हणून निबंधात आवृत्तीचा क्रमांक लिहिणे मी अनिवार्य मानते.

प्रजातीच्या पातळीपर्यंत, म्हणजे पोलॅरिबॅक्टर, कॉलवेलिया, सायक्रोबॅक्टर अशा नावांपर्यंत, ही सेवा बहुतेक वेळा समाधानकारक उत्तर देते. त्याखालच्या जातींच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये, आणि हा दोष ‘सिल्वा’चा कमी, एकाच जनुकाचा जास्त आहे. समुद्री बर्फातून वेगळे केलेले ऑक्टाडेकॅबॅक्टर आर्क्टिकस आणि ऑक्टाडेकॅबॅक्टर अंटार्क्टिकस हे १९९७ मध्ये वर्णिलेले जीवाणू १६एस जनुकात अतिशय जवळचे आहेत, पण त्यांच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, मोठा फरक आहे. त्यामुळे दोन्ही ध्रुवांवर एकच नाव सापडले एवढ्यावरून तोच जीवाणू दोन्हीकडे राहतो असा दावा करणे मला गैर वाटते. तसा दावा करायचा असेल तर जीनोमच वाचायला हवेत.

बर्फाखालच्या तळ्यांसारख्या ठिकाणच्या नमुन्यांत ‘अनकल्चर्ड’ (प्रयोगशाळेत न वाढवलेले जीवाणू) अशा नोंदी वारंवार समोर येतात. अनेक जण त्या आलेखात ‘इतर’ या रकान्यात ढकलून मोकळे होतात, पण अशा अनुक्रमांचे संग्रहातील जवळचे नातेवाईक कोणत्या ठिकाणच्या पाण्यातून मिळाले होते हे एकेक करून पाहावे, कारण या अपरिचित गटांतच ध्रुवीय विविधतेचा मोठा भाग असू शकतो. संपूर्ण संग्रहावर वर्गीकरण चालवायला साध्या लॅपटॉपची रॅम पुरत नाही, तेव्हा सर्व्हरची सोय आधीच करून ठेवावी.