घोटून दाढी न करणारा रेझर : बेव्हल

अमेरिकेत बँकेत, वकिली फर्ममध्ये किंवा लष्करात वर चढणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाकडून गुळगुळीत चेहऱ्याची अपेक्षा असते, आणि त्यासाठी अनेकांना रोज गळा सोलून घ्यावा लागतो. दाढीचे केस दाट कुरळे. तीन-पाच पात्यांच्या रेझरचं पहिलं पातं केस वर ओढतं, मागचं तो त्वचेच्या खाली छाटतं. ते तिरकं टोक वाढताना वळतं आणि पुन्हा कातडीत शिरतं. मग जबड्याखाली पुटकुळ्या, पू, महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग.

स्टॅनफर्डचा एमबीए असलेल्या ट्रिस्टन वॉकरनं २०१३ मध्ये काढलेली कंपनी याच दुखण्यासाठी. २०१८ मध्ये ती प्रॉक्टर अँड गॅम्बलनं घेतली. तिचा हा रेझर, पूर्वी आपल्याकडे घरोघरी दाढीच्या डब्यात असायचा, त्या दुधारी ब्लेडच्या जातीचा. केसाला एका वेळी एकच धार लागते. खरा गुण तोच.

पण हात बदलावा लागतो. आधी कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं दाढी भिजवायची, तेलाचा हलका हात, मग ब्रशनं फेस. रेझर साधारण ३० अंशांत धरून त्याच्या वजनानंच फिरवायचा. कार्ट्रिजची, म्हणजे त्या तीन-पाच पात्यांच्या रेझरची, सवय असलेले दाबतात आणि कापून घेतात. कातडी ताणायची नाही, ताणली की केस पुन्हा आतूनच छाटला जातो. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते, म्हणून बोट फिरवून आधी ती बघायची. सुलटा हात एकदाच, उलटा अजिबात नाही. पाच-सहा दाढ्यांनंतर ब्लेड बदलायचं.

संध्याकाळी हाताला खुंट लागतात. ते लागायलाच हवेत, पण कडक साहेबाला ते पटतीलच असं नाही, आणि तिथे कुठलाच रेझर पुरा पडत नाही. १९९३ मध्ये नेब्रास्कातल्या डॉमिनोज फ्रँचायझीचा सरसकट दाढीबंदीचा नियम अपील न्यायालयानं कृष्णवर्णीयांशी भेदभाव करणारा ठरवला. त्याच वर्षी अटलांटाचे अग्निशमन जवान मात्र दुसऱ्या अपील न्यायालयात हरले, कारण श्वसनाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. हा नियम समजण्यासारखा आहे. बँकेच्या टेबलाशी बसणाऱ्याला कसला मास्क?

पुटकुळ्या आधीच उठल्या असतील तर हा रेझर घेऊ नका. तीन-चार आठवडे दाढी बंद, फार तर ट्रिमरनं एक मिलिमीटर राखून. रुतलेला केस निर्जंतुक सुईनं नुसता मोकळा करा, उपटू नका.