ओल्या कचऱ्याची मासिक सेवा: खजिनदाराच्या वहीतून नऊ महिने

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहणाऱ्याला मुंबईचा कचरा कुठे जातो हे सांगावं लागत नाही. वारा फिरला की कांजूरमार्गच्या डम्पिंगचा वास थेट बेडरूममध्ये. तरी आमच्या १८० घरांच्या सोसायटीला जाग आली ती नोटिशीनेच. दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा असेल तर ओला कचरा आवारातच जिरवा, हा महापालिकेचा २०१७चा नियम.

पहिल्यांदा आम्ही यंत्र घेतलं. साडेसहा लाख. चोवीस तासांत खत म्हणे! बाहेर पडायचा तो तापवून वाळवलेला कचरा; पाणी लागलं की पुन्हा आंबूस वास. खरं खत व्हायला आठवडे लागतात. विकणाऱ्याचा नफा यंत्र विकलं त्याच दिवशी खिशात गेला, नंतर ते चाललं काय, बंद पडलं काय. सध्या त्यावर वॉचमन छत्री वाळत घालतो.

आताच्या कंपनीचं यंत्रबिंत काही नाही. हवा खेळेल असे जाळीचे क्रेट, कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण आणि रोज येणारा माणूस, सगळं त्यांचंच. आधी त्यांनी किलोवर दर सांगितला होता. मी हटून बसले. किलोवर पैसे घेणाऱ्याला आमचा कचरा वाढलेलाच बरा, नाही का? शेवटी घरामागे महिना ११० रुपये ठरले, म्हणजे १९,८०० रुपये. तयार खत तेच आमच्याकडून बारा रुपये किलोने घेतात. महिन्याला साधारण साडेचारशे किलो निघतं, म्हणजे ५,४०० रुपये परत. खतावर कुणाचं पोट भरत नाही हे इथेच कळतं. कंपनी चालते ती आमच्या वर्गणीवर. पण खत त्यांनाच पुढे विकायचंय, म्हणून त्यांचा माणूस दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरासुद्धा वेचून काढतो. यंत्राच्या वेळी तो कोपरा कुणी पाहिलाही नव्हता.

तक्रार एकच, पण मोठी. ओल्या कचऱ्यात कार्बनसाठी सुका पाला मिसळावा लागतो; तो कुणी आणायचा हे करारात नव्हतंच. जुलैत पाला भिजला, संपला. नुसता ओला कचरा पडत गेला, त्यात कोलंबीची सालं. कार्बन कमी, नत्र जास्त, हवा बंद. अमोनियाचा भपका आणि अळ्या. बी विंगच्या काकूंनी बादली माझ्याच दारात आणून ठेवली. चार दिवस फोन झाले, मग लाकडाचा भुसा आला. त्याचं बिल कंपनीने आम्हाला लावलं, मी ते अजून दिलेलं नाही.

करवंट्या आणि आंब्याच्या कोयी ते घेत नाहीत. मे महिन्यात हे जड जाणार.

पाचपैकी साडेतीन. नव्या करारात कंपनी म्हणते, खत तुम्हीच ठेवा, घरामागे दहा रुपये कमी करतो. सेक्रेटरी खूश आहेत. मी सही थांबवली आहे.