सांख्यिकी आणि संभाव्यतेचा सराव: बालभारती, एनसीईआरटी, ओपनइंट्रो, एमआयटी की स्टॅट 110?

बीएस्सी असो, बीकॉम असो, मानसशास्त्र असो की डेटा सायन्सचा एखादा कोर्स, पहिल्या वर्षी सांख्यिकी गाठतेच. सरावाची गणितं फुकट मिळतात आणि ढिगाने मिळतात, त्यामुळे अडचण निवडीची असते. पीडीएफ जमवण्यातच अर्धी सेमिस्टर सरते.

निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. शेवटी नुसतं उत्तर दिलंय की सोडवण्याची रीतही? आणि गणित आपल्याला मांडणी करायला लावतं, की सूत्र समोर ठेवून आकडे भरून घेतं? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण या विषयात मुलं आकडेमोडीत सहसा अडत नाहीत. अडतात ती कशाला कशाने भागायचं तिथे.

बालभारतीपासून सुरुवात करू. दहावीच्या गणित भाग 1 मध्ये संभाव्यता आणि सांख्यिकी ही शेवटची दोन प्रकरणं. वर्गीकृत सारणीवरून मध्य, मध्यक, बहुलक काढणं तिथे घोटून होतं. अकरावीला विचलन आणि संभाव्यता, बारावीला संभाव्यता वितरण (कुठल्या निकालाची किती शक्यता, याची मांडणी) आणि त्यातलाच एक प्रकार, द्विपद वितरण (ठरावीक प्रयत्नांत किती यशं मिळतील). हात बसवायला ही पुस्तकं उत्तम. प्रकरणात सोडवलेली उदाहरणं आहेत, सरावसंचांची उत्तरं मागे आहेत. पण एखादा सरावसंच द्विपद वितरणाचा असला की त्यातलं प्रत्येक गणित द्विपद वितरणाचंच निघणार हे आधीच ठाऊक असतं. कुठलं वितरण लागू पडतं हे ओळखायची वेळच येत नाही, आणि खरी परीक्षा नेमकी तिथेच असते.

एनसीईआरटीचं बारावीचं संभाव्यतेचं प्रकरण याच्या एक पायरी वर आहे. त्यातलं रक्ततपासणीचं गणित प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावं. रोग असलेल्यांपैकी 99 टक्के लोकांना चाचणी बरोबर पकडते. निरोगी लोकांपैकी 0.5 टक्के लोकांना चुकून रोगी ठरवते. लोकसंख्येत रोग 0.1 टक्के. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला खरोखर रोग असण्याची संभाव्यता किती?

बेजचं सूत्र (निकालावरून कारणाची संभाव्यता काढायचं) लावून 22/133 हे उत्तर बहुतेकजण काढतात आणि पुढे जातात. तेच दोन लाख माणसांवर करून बघा. रोगी 200, त्यातले 198 पॉझिटिव्ह. निरोगी 1,99,800, त्यातले 0.5 टक्के म्हणजे 999 पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह 1197, त्यात खरे रोगी 198. साधारण 16.5 टक्के! 99 टक्क्यांची चाचणी पॉझिटिव्ह येऊनही सहापैकी पाचजण निरोगी, कारण मुळात निरोगी लोकच प्रचंड. अपूर्णांकात हे दिसत नाही, माणसं मोजली की लगेच दिसतं. पण पुस्तकाच्या मागे फक्त उत्तर छापलेलं असतं. रीत बघायची तर शिक्षक हवेत किंवा पुढचे पर्याय.

एमआयटीचा 18.05 हा कोर्स इथे कामाला येतो. ओपनकोर्सवेअर या एमआयटीच्या संकेतस्थळावर तो मोफत आहे. याच धाटणीचं उदाहरण तिथे झाडाची आकृती आणि माणसांचा तक्ता अशा दोन्ही रीतींनी उलगडून दाखवलंय. गृहपाठाचे संच आणि परीक्षांचे पेपर पूर्ण उत्तरांसकट मिळतात. संभाव्यता आणि सांख्यिकी दोन्ही एकाच कोर्सात, शिवाय आर या सांख्यिकीसाठीच्या संगणकभाषेत थोडं प्रोग्रॅमिंग. मात्र कलनशास्त्र (कॅल्क्युलस) येतं असं गृहीत धरलेलं आहे. बारावीला गणित सोडलेल्याने लगेच यात उडी घेऊ नये.

हार्वर्डचा स्टॅट 110 वेगळ्या जातीचा आहे. जो ब्लिट्झस्टाइन यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, सरावसंच उत्तरांसकट आहेत. 1 पासून आकडे घातलेले पत्ते पिसून एकेक उलटायचे. उलटण्याचा क्रमांक आणि पत्त्यावरचा आकडा, जसं पाचव्या क्रमांकाला 5 चाच पत्ता, असं किमान एकदा तरी जुळण्याची संभाव्यता किती? पत्ते 10 असोत की 1000, उत्तर सुमारे 0.63 च. या एका गणितात संच, क्रमपरिवर्तन आणि e ही संख्या हे तिन्ही येऊन बसतात. संभाव्यतेची गोडी लावायची तर मला याच्या तोडीचं दुसरं काही ठाऊक नाही. पण हा कोर्स फक्त संभाव्यतेचा आहे. टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी, प्रतिगमन अशा सांख्यिकीच्या रीतींचा पेपर पुढच्या महिन्यात असेल तर स्टॅट 110 घेऊन बसणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय.

त्या पेपरासाठी ओपनइंट्रो हे सांख्यिकीचं पुस्तक. पीडीएफ फुकट, विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरं शेवटी. सुरुवातच खऱ्या अभ्यासाने होते: पक्षाघात टाळायला मेंदूच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा का? वर्षभरात स्टेंट बसवलेल्या 224 पैकी 45 जणांना पक्षाघात झाला, न बसवलेल्या 227 पैकी 28 जणांना. म्हणजे 20 टक्के विरुद्ध 12 टक्के, अपेक्षेच्या अगदी उलट. आता हा फरक योगायोगाने पडू शकतो का, हा प्रश्न आपसूक मनात येतो आणि परिकल्पना चाचणी (फरक योगायोगाचा की खरा, हे तपासायची रीत) कशासाठी शिकायची हे वेगळं सांगावं लागत नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंगच्या मुलांना मी डोळे झाकून हेच सुचवेन. कलनशास्त्र लागत नाही. संदर्भ बरेचसे अमेरिकन आहेत, तेवढं चालवून घ्यावं. सम क्रमांकाची गणितं मित्राबरोबर सोडवून उत्तरं ताडून पाहता येतात.

ओपनस्टॅक्सचं पुस्तकही मोफत आहे आणि गणितं भरपूर आहेत, पण बऱ्याच ठिकाणी टीआय-83 किंवा 84 कॅल्क्युलेटरवर कुठली बटणं दाबायची ते सांगितलंय. आपल्याकडे ते यंत्र कुणाकडे असतं? खान अकॅडमी पाया कच्चा असलेल्यांसाठी: अडलं की पायरीपायरीने सूचना, उत्तर चुकलं की तिथल्या तिथे कळतं. आठवडाभर तिथे काढून पुढे सरका.

एमएस्सीकडे डोळा असेल तर आयआयटी जॅम या एमएस्सी प्रवेश परीक्षेतल्या गणितीय सांख्यिकीचे जुने पेपर आहेतच. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. चुकीच्या उत्तराचे गुण फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत कापले जातात. संख्या लिहायच्या प्रश्नांत पर्यायच नसतात, म्हणजे उत्तरावरून उलटं जायची सोय नाही. हे पेपर विषय शिकायला वापरू नका. अभ्यासक्रम एकदा पुरा झाल्यावर घड्याळ लावून सोडवा.

विद्यापीठाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आपल्याच विद्यापीठाच्या मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा. एकच करा: प्रश्न प्रकरणानुसार न लावता सरमिसळ करून सोडवा आणि प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने आधी वितरणाचं किंवा चाचणीचं नाव लिहा, आकडेमोड नंतर.